पोत्याचं तोंड

शिरूर, १० नोव्हेंबर २०२५

…तोपर्यंत आवकचा एक पाय पोह्यांच्या बशीत होता आणि दुसरा हनुमंतरावांच्या आत्यांच्या मांडीवर. मामा, तुम्ही त्या वेळी पेढे आणायला खाली गेला होतात, म्हणून घटनाक्रम लिहून कळवते. फोनवर सांगितलं असतं. पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही देव्हाऱ्यामागं ठेवून दिलंय.

आत्या "मांजर, मांजर" म्हणून ओरडल्या. आवकनं पाय झटकला. पोहे उडाले. एक शेंगदाणा आत्यांच्या चष्म्याला चिकटला, तो त्यांना बराच वेळ कळला नाही आणि मला सांगता येईना. जावक खिडकीतून बाहेर गेली. ती पाहुणे नसले तरी जाते.

प्रलंबित उठला नाही. नवऱ्यामुलासाठी खुर्ची रिकामी ठेव, असं तुम्ही बजावलं होतं. मी त्याला उचलून पलंगावर ठेवलं होतं. पाहुणे जिना चढून येईपर्यंत तो परत खुर्चीत. पलंग ते खुर्ची एवढी एकच वाट त्याला ठाऊक आहे. त्यामुळं सेहेचाळीस वर्षांचा मुलगा पलंगाच्या कडेवर बसला आणि एकोणचाळीस वर्षांची मुलगी उभी राहिली.

हनुमंतराव माणूस बरे वाटले. आवकचा पाय पडला नव्हता त्या बाजूचे पोहे त्यांनी खाल्ले.

आत्यांनी विचारलं, "लग्न झाल्यावर ह्यांचं काय?"

"कुणाचं?"

"ह्या जनावरांचं."

मी म्हणाले, "ती इथंच राहतील. मीपण."

मग तुम्ही पेढे घेऊन आलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पेढे फ्रिजमध्ये आहेत. मांजरांना गोड चालत नाही. मी रोज दोन खाते.

हर्षदा

*

दौंड, १४ नोव्हेंबर

चि. हर्षदा,

तुझं पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं. शेंगदाण्यापाशी ती हसली. मी हसलो नाही.

अडतीस वर्षं मी दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होतो. कुठली गाडी कुठल्या रुळावर घालायची हे सांगितलं जायचं, मी खटका ओढायचो आणि गाडी जायची. कलकत्त्याची असो नाहीतर मनमाडची. तुझ्या बाबतीत मी वीस वर्षं खटका ओढतो आहे. गाडी जागची हलत नाही.

तुझ्या आईमागं तुझे वडीलही गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. न्हावऱ्याहून मी तुला सायकलवर आणलं. तेव्हापासून तुझं बघण्याची जबाबदारी माझी आहे. मी एकाहत्तरचा आहे. माझ्यामागं तुझं कोण? तीन मांजरं आणि एक बाई, ह्याला लोक घर म्हणत नाहीत. हनुमंतरावांच्या आत्या भांडगावात सांगत सुटल्या आहेत, की त्या मुलीच्या घरात नवऱ्याला बसायला खुर्ची नाही.

ऑफिसात बारनिशीच्या टेबलावर बसून येणारं-जाणारं टपाल नोंदवतेस, ते ठीक. पण म्हणून मांजरांना आवक, जावक आणि प्रलंबित म्हणायचं? आमच्या घरी मांजराला मांजर म्हणायचे. माझ्या वडलांनी अशी अकरा मांजरं नदीपल्याड नेऊन सोडली. पोत्यात घालायचं आणि पोत्याचं तोंड घट्ट बांधायचं. वाट दिसली नाही की मांजराला परत येता येत नाही. अकरातलं एकही आलं नाही.

असो. तू २५ ते २७ ट्रेनिंगला पुण्याला जाणार म्हणाली होतीस. तुझ्या शेजारच्या सिंधूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. मांजरांना दूध कोण घालणार? मी येऊन राहीन. किल्ली पाठव.

सावळाराम मामा

(सोबत वहीच्या पानाची घडी)

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडं हाय म्हणून हे टाकती. त्यास्नी ठावं न्हाई. शेंगदाना कंच्या डोळ्याला चिकटला व्हता? — अनसा मामी

*

शिरूर, १८ नोव्हेंबर

ती. मामा,

अकरा मांजरांचा परिच्छेद वाचूनही किल्ली पाठवते आहे. स्पीड पोस्टानं, कारण पोच घेतल्याशिवाय मी काही पाठवत नाही.

सिंधूबाई नाहीत हे एक कारण. दुसरं कारण असं, की तीस वर्षांत तुम्ही माझ्यावर पुष्कळ ओरडलात, पण माझ्याशी खोटं बोलला नाहीत. दहावीला मी गणितात नापास झाले तेव्हा सगळे म्हणाले पेपर अवघड होता. तुम्ही म्हणालात, तू अभ्यास केला नाहीस.

आवकला वरून दूध घालू नका, तो नाक बुडवतो. जावकची वाट बघू नका. प्रलंबितची वाटी खुर्चीपाशी न्यावी लागते, तो वाटीपाशी येत नाही. निघताना किल्ली मीटरच्या डब्यात ठेवा.

मामी, डाव्या. (घडी मिळाली.) मामा, ही ओळ तुमच्यासाठी नाही. विचारू नका.

हर्षदा

*

शिरूर, २८ नोव्हेंबर

मामा,

खुर्ची रिकामी आहे.

काल संध्याकाळी घरी पोचले. किल्ली मीटरच्या डब्यात होती. आवक कपाटावर होता आणि खाली यायला तयार नव्हता. जावक आज सकाळी आली. प्रलंबित पलंगाखाली नाही, माळ्यावर नाही, गॅलरीत नाही, मोरीत नाही.

खालच्या किराणा दुकानातले पोपटराव म्हणाले, मामा तर बुधवारीच गेले. हाताला रुमाल गुंडाळला होता. पाठीवर खताचं पोतं होतं.

पोत्यात काय होतं?

हर्षदा

*

दौंड, २ डिसेंबर

चि. हर्षदा,

पोत्यात कांदे होते. शिरूरला चांगले मिळतात. हाताला खिळा लागला. बुधवारी निघालो कारण तुझ्या मामीचं डोकं दुखत होतं.

दार वाऱ्यानं उघडलं असेल. तुझी कडी सैल आहे, मी मागंच सांगितलं होतं. मांजराची जात आहे, गेलं. दुसरी दोन आहेत ना? माणसानं एवढं मनाला लावून घेऊ नये.

आणि देवाशपथ सांगतो, मी त्याला नदीपल्याड सोडलेलं नाही.

हनुमंतरावांचा निरोप आला होता. आत्या काहीही म्हणोत, त्यांचं स्वतःचं म्हणणं होकाराचं आहे. तू काय ते कळव.

मामा

(घडी)

माझं डोकं दुखत नव्हतं. कांदं घरात आलं न्हाईत. मला तुळशीवर हात ठिवाया लावलाय, तवा त्या इषयावर मी काय बी बोलनार न्हाई. बाकी सगळं बरं हाय. आमच्याकडं दूध एक लिटर यायचं, आता दीड येतंय. चा तेवढाच व्हतोय. — अनसा मामी

*

शिरूर, ८ डिसेंबर

मामा,

नदीचं मी विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून शपथ घेतलीत. ऑफिसात असं पत्र आलं की साहेब त्यावर लाल रेघ मारतात.

काल रविवार होता. मी घोड नदीच्या पुलावरून पलीकडे गेले आणि काठाकाठानं तीन तास हिंडले. मांजराला हाक मारायची तर नावानंच मारायला लागते. एका मेंढरंवाल्या आजोबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, कंच्या खात्यातल्या तुमी?" मी म्हणाले, बारनिशी. ते म्हणाले, "मग माझी फेरफाराची नोंदबी तितंच कुटंतरी आसंल बघा. घावली तर आवाज द्या." नंतर तेही माझ्याबरोबर शोधत होते. बाभळीखाली, पंपघरामागं, कुणाच्या तरी चाऱ्याच्या गंजीत. मांजर मिळालं नाही. नोंदही नाही.

दार उघडं राहिलं असेल, हे मी मानत नाही. सात वर्षांत तो उंबऱ्याबाहेर दोनदा गेला. दोन्ही वेळा मी उचलून नेला होता, इंजेक्शनला.

तो कसा आला ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नव्हतं. रेकॉर्डरूममध्ये निकाल न लागलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसला होता. एक डोळा गेलेला. शिपाई पोतं घेऊन आला. मी म्हणाले, राहू दे, हे माझ्याकडे वर्ग करा. सगळे हसले. मी त्याला टिफिनच्या पिशवीतून घरी नेलं.

तो काही करत नाही. उंदीर धरत नाही. संध्याकाळी मी कुलूप काढते तेव्हा तो डोळा उघडतो, मीच आहे हे बघतो आणि मिटतो. लोक ज्याला घर म्हणतात ते मला एवढंच पुरतं.

दहा दिवस कुलूप काढल्यावर मी खुर्चीकडे बघत नाही. आधी दिवा लावते, बूट काढते, पाणी पिते.

तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागं घ्यायचं की ठेवायचं, एवढं कळवा. हनुमंतरावांना नाही म्हणून कळवा.

मामी, दुधाचं वाचलं. मामांना पित्ताचा त्रास होतोय का? नुसतं दूध वाढवून भागणार नाही. डॉक्टरला दाखवा.

हर्षदा

*

दौंड, १२ डिसेंबर

चि. हर्षदा,

पत्र मिळालं. मला पित्त नाही. तुझ्या पत्राच्या खालच्या भागात मामीला उद्देशून काय काय लिहिलेलं असतं, ते मला कळत नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर सवडीनं देतो.

एक विचारायचं होतं. कुणाचं मांजर पहाटे येऊन छातीवर बसत असेल आणि काही केल्या उठत नसेल, तर त्याला काय हवं असतं? आणि फुटलेल्या डोळ्यातून पाणी येत असेल तर कापूस ओला करून पुसला तर चालतो का? शेजारी विचारत होते.

मामा

(घडी)

आगं भवाने, तू हापिसात कागद वाचतीस का निस्ता शिक्का मारतीस? पित्त म्हनं! दीड लिटर दूध, चा तेवढाच, आन् तुझं मामा रोज सकाळी मटनाच्या दुकानाम्होरं हुबं ऱ्हात्यात. माळकरी मानूस. सगळा दौंड बघतोय. मी तुळशीवर हात ठिवलाय, म्हनून मी काय बी सांगितलेलं न्हाई. — अनसा मामी

*

शिरूर, १५ डिसेंबर

प्रति,
श्री. सावळाराम मामा, दौंड

विषय : शेजाऱ्यांच्या मांजराबाबत
संदर्भ : आपलं दि. १२ चं पत्र

महोदय,

उपरोक्त शेजाऱ्यांना कळवावं, की छातीवर बसणारं मांजर एकडोळं आणि जाड असल्यास त्यास हनुवटीखाली खाजवून हवं असतं. डावीकडे. थांबल्यास ते पंजा लावून आठवण करतं. नखं लावत नाही. डोळा पुसायला कापूस चालतो, पाणी कोमट असावं. मटण देऊ नये. त्यास ते पचत नाही आणि नंतर त्रास शेजाऱ्यांनाच होईल.

निम्नस्वाक्षरीकार रविवार, दि. २१ रोजी समक्ष पाहणीसाठी येत आहे. मुक्काम करून सोमवारी सकाळी प्रकरण सोबत नेण्यात येईल. पोतं तयार ठेवावं.

मामा, मी त्या नदीच्या काठी त्याला मेलेला समजून शोधत होते. काल रविवारी पुन्हा गेले. ते आजोबा त्यांच्या नातवाला घेऊन आले होते. हे मी हसण्यावारी नेते आहे, कारण दुसरं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. दौंडला येईपर्यंत सुचेल.

हर्षदा

*

दौंड, १८ डिसेंबर

चि. हर्षदा,

ते वाक्य मागं घे.

सगळं सांगतो. मी तीनही न्यायला आलो होतो. कपाटावरच्यानं हात फोडला. खिडकीतली सापडलीच नाही. हा खुर्चीत बसून होता. मी पोतं पुढं धरलं तर आत जाऊन बसला. त्याला वाटलं असेल नवीन खुर्ची आहे. तोंड बांधलं. न्हावऱ्यावरून येणारी गाडी धरली. भीमेचा पूल ओलांडल्यावर उतरलो.

पोतं उघडलं. तो बाहेर येईना. मी पोतं उलटं केलं. तो खाली पडला, उठला आणि परत पोत्यात गेला. तीनदा केलं. मी त्याला म्हणालो, जा. नंतर जरा मोठ्यानं म्हणालो. एक उसाची ट्रॉली थांबली, ड्रायव्हर ओरडला, आजोबा, काय झालं? मी म्हणालो काही नाही, घरगुती आहे.

मग मी दगडावर बसलो. दोन गाड्या गेल्या. तेवढ्यात तो मांडीवर आला. मी त्याला बोललो पुष्कळ. तुझं लग्न, माझं वय, तुझे वडील, सगळं. हर्षदा, मला ऐकू येत नाही, म्हणून माझ्याशी कुणी बोलत नाही. खाणाखुणा करतात नाहीतर ओरडतात. ह्याला काही बोलायचंच नसतं. त्यामुळं आमचं बरं जमलं. तिसऱ्या गाडीनं आम्ही दोघं दौंडला आलो.

पहिलं पत्र खोटं लिहिलं ते लाजेनं. पुढचं खोटं लिहिलं, कारण तू त्याला घेऊन जाशील. वय एकाहत्तर आहे आणि दोन्ही कारणं सहावीतल्या मुलाची आहेत. तू नदीवर हिंडत होतीस हे वाचलं त्या दिवशी जेवलो नाही. तरीही लिहिलं नाही. ते सगळ्यात वाईट.

कानाचं मशीन काढून परत लावलं आहे. तो छातीवर बसला की घरघरतो असं तुझी मामी म्हणाली, ते ऐकायला. ऐकू आलं. मालगाडी लांबून येताना येतो तसा आवाज आहे. आता तुझ्या मामीचंही सगळं ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

भांडगावला जाऊन आलो. मुलीचा नकार आहे म्हणून समक्ष सांगितलं. आत्या म्हणाल्या, बरं झालं. हनुमंतराव बाहेरपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, खुर्चीतलं मांजर कसं आहे? मी म्हणालो, मजेत आहे. हे खरं आहे.

पुढं मी स्थळ आणणार नाही. तुझी गाडी ज्या रुळावर उभी आहे तोही रूळच आहे, एवढं मला त्या दगडावर बसून कळलं असं मी म्हणत नाही. अजून पटलेलं नाही. पण खटका सोडला.

रविवारी ये. पोतं तयार आहे.

मामा

(घडी)

आल्या आल्या भांडू नगंस. भाकरी खा, मंग भांड. म्या तुझ्याच बाजूनं हाय, पर मांजराचं म्हनशील तर मला सांगता यायचं न्हाई. मशीन लावल्यापासनं मानूस दिवसाला धा वाक्यं बोलतंय माझ्यासंगं. त्यातली आठ मांजरावर असत्यात. दोन तर माझी हायती. — अनसा मामी

*

शिरूर, २२ डिसेंबर

मामी,

हे पत्र तुमच्या नावानं टाकते आहे. मामांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पोचलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो खुर्चीत आहे. आवकनं त्याचा पाच मिनिटं वास घेतला. जावक अजून यायची आहे.

तुम्ही स्टँडवर नव्हता म्हणून कळवते. काल जेवल्यावर मी जे बोलले ते सगळं मामांना ऐकू आलं होतं. मशीन चालू होतं. आज सकाळी पोतं त्यांनीच उचललं, स्टँडपर्यंत मला हात लावू दिला नाही. न्हावऱ्याची गाडी लागली तेव्हा आधी चढून खिडकीची जागा धरली. मी खिशातून सुतळी काढली. त्यांनी माझ्या हातातून ती घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

म्हणाले, "तोंड बांधू नकोस. त्याला वाट दिसू दे."

गाडी सुटली तेव्हा ते खांबाला धरून उभे होते. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पोत्याकडे बघितलं.

प्रलंबित दौंडच्या फाटकापासून झोपला. चौफुल्याला झोपलेलाच होता. भीमेच्या पुलावर मी त्याला उठवलं आणि खिडकीशी धरला. पूल संपेपर्यंत धरून ठेवला.

हर्षदा